क्लिप एका बाजूला वाजली, दुसऱ्या बाजूचं काय?

पत्र : "माझा मुलगा यंदा बारावीची परीक्षा देऊन मोकळा झाला. साठवलेले पैसे आणि आजोबांनी घातलेली भर यांतून त्याने छोटा कॉम्प्युटर स्वतः जोडायला घेतला. मिनी आयटीएक्स बोर्ड (छोट्या आकाराचा मदरबोर्ड), रायझन ५ ८६००जी प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, डीडीआर५ रॅमच्या १६-१६ जीबीच्या दोन स्टिक. प्रोसेसर आणि त्यावरचा कूलर दुकानातच बसवून घेतला, बाकीचं घरी केलं. रॅम लावताना मी शेजारी बसून 'हळू, हळू, मोडेल' म्हणत होते. एका बाजूला टक् असा आवाज आला, दुसऱ्या बाजूला क्लिपच नाही. आता पंखे फिरतात पण स्क्रीन काळी. बोर्डावर 'डीरॅम' लिहिलेला पिवळा दिवा लागून राहतो. दोन मिनिटं वाट पाहतो आणि बंद करतो. दुसरी स्टिक काढली की मशीन सुरू होतं. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, 'मैडम, दूसरी रैम आपसे ही उड़ गई होगी.' घरात हे म्हणतात, तयार घेतला असता तर ही वेळ आली नसती, आणि एका स्टिकवर चालतोय तर चालवा. खरंच आमच्या हातून स्टिक जळली का? आणि आता दुकानात कोणत्या तोंडानं जायचं?"
— एक आई, सुदामा नगर, इंदूर

ताई,

स्टिक जळल्याचा एकही पुरावा तुमच्या पत्रात नाही. ती नीट बसली नसल्याची चिन्हं मात्र जागोजागी आहेत, आणि त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे तुमचं 'हळू, हळू'. मुलाने आईचं ऐकलं, एवढाच त्याचा दोष.

रॅम बसवायला जोर लागतो, हे कुणी आधी सांगत नाही. डीडीआर५च्या स्टिकला दोन्ही बाजू मिळून २८८ सोनेरी संपर्कपट्ट्या असतात आणि स्लॉटमधल्या तितक्याच स्प्रिंगदार पिना त्यांना दोन्हीकडून घट्ट धरतात. त्या सगळ्या एकदम सरकवायच्या म्हणजे बोटाच्या टोकाने टेकवून भागत नाही. नवा कोरा स्लॉट तर आणखी कडक असतो. दाबताना बोर्ड किंचित वाकल्यासारखा दिसतो, करकर होते, आणि नेमक्या त्या क्षणी माणूस हात आखडता घेतो. स्टिक तीन चतुर्थांश आत जाते, वरून पाहिलं तर अगदी बसल्यासारखी दिसते.

भीती जोराची नको, चुकीच्या जागी लावलेल्या जोराची हवी. स्टिकच्या खालच्या कडेला एक खाच असते आणि स्लॉटमध्ये तिच्या जागी एक उंचवटा. ही खाच बरोबर मधोमध नसते, थोडी एका अंगाला सरकलेली असते, म्हणजे स्टिक उलटी धरली तर ती बसणारच नाही. डीडीआर४च्या स्टिकलाही २८८च पट्ट्या असतात, पण तिची खाच वेगळ्या जागी. त्यामुळे चुकून जुनी स्टिक हाती आली तर तीही या स्लॉटमध्ये जाणार नाही. तेव्हा आधी डोळ्यांनी खाच आणि उंचवटा जुळवायचे. जुळले की मग दोन्ही अंगठ्यांनी निर्धास्त दाबा. जुळले नसतील तर मात्र एक ग्रॅमही जोर नको.

आता तुमच्या बोर्डाची गोष्ट. जुन्या किंवा मोठ्या बोर्डांवर बऱ्याचदा स्लॉटच्या दोन्ही टोकांना क्लिप असते. छोट्या बोर्डांवर जागा वाचवायला अनेक कंपन्या एकाच टोकाला क्लिप देतात, दुसरं टोक न हलणाऱ्या खोबणीचं असतं. घोटाळा इथेच होतो. क्लिपच्या बाजूला अंगठा दाबला, टक् वाजलं, आपण खूश. स्थिर टोक मात्र अजून मिलिमीटरभर वर असतं. स्टिक तिरपी राहते, काही पट्ट्या पिनांना लागतात आणि काही नाही. बोर्डाला रॅम सापडत नाही किंवा अर्धवट सापडते, आणि तो 'डीरॅम'चा दिवा लावून बसून राहतो.

म्हणून क्रम उलटा ठेवा. क्लिप पूर्ण मागे ओढा. स्टिकचं क्लिप नसलेलं टोक आधी त्या स्थिर खोबणीत उभं उतरवा, मग दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सारखं दाबा, आणि टक् वाजल्यावरही क्लिप नसलेल्या टोकाला आणखी एकदा वरून दाब द्या. क्लिप स्वतःच्या हाताने बंद करायची नाही. स्टिक खाली गेली की ती आपोआप खाचेत अडकते, अडकली नसेल तर स्टिक गेलेली नाही. शेवटी डोळे बोर्डाच्या पातळीला आणून बाजूने पाहा. सोनेरी रंगाची बारीक रेघ दिसली तरी हरकत नाही, पण ती दोन्ही टोकांना सारखी हवी. एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला गायब असेल तर पुन्हा.

हे सगळं बोर्ड कॅबिनेटच्या आत असताना जमेल असं समजू नका. छोट्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बहुधा बोर्डाच्या डोक्यावर येतो, आणि दोन अंगठे सोडा, एक बोटही सरळ उतरत नाही. शिवाय बऱ्याच मिनी आयटीएक्स बोर्डांवर चोवीस पिनांची मुख्य केबल रॅमच्या अगदी शेजारी लागते. ती केबल ताठ असते आणि कॅबिनेटचं झाकण लावताना ती स्टिकलाच रेटते. जागा अपुरी असेल तर स्क्रू काढून बोर्ड बाहेर घ्या, ज्या खोक्यातून तो आला त्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर सपाट ठेवा आणि तिथे रॅम लावा. मुलगा कुरकुर करेल, कारण केबल पुन्हा लावाव्या लागतील. करू द्या. बोर्ड परत आत बसवल्यावर मुख्य केबल थोडी वळवून स्टिकपासून दूर राहील अशी बांधा.

हात लावण्याआधी वीज. बटण दाबून मशीन बंद केलं तरी एसएमपीएसमधून बोर्डाला स्टँडबायचे ५ व्होल्ट मिळतच राहतात. डीडीआर५मध्ये तर वीज नियंत्रित करणारी चिप स्टिकवरच असते, त्यामुळे चालू पुरवठ्यावर ती काढणं-घालणं खरोखर महागात पडू शकतं. मागचा स्विच बंद करा, भिंतीतून वायर काढा, मग कॅबिनेटचं पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा. बोर्डावरचे सगळे दिवे विझले की काम सुरू.

स्थिर विजेचा बाऊ मी करत नाही, पण पावसाळा लागेपर्यंत इंदूरची हवा कोरडी असते हे खरं. नायलॉनची साडी किंवा टेरिकॉटचा शर्ट टाळा, सुती घाला, सतरंजीवर बसून काम करू नका, आणि स्टिक उचलण्याआधी दर वेळी कॅबिनेटच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला हात लावा. स्टिक कडांनी धरायची, सोनेरी पट्ट्यांना बोट नको. आणि मे महिना आहे म्हणून खिडकीतल्या कूलरच्या झोतासमोर टेबल मांडलं असेल तर ते हलवा. त्या झोतातून पाण्याचे बारीक थेंब येतात आणि बोर्डावर बसतात. कपाळाचा घाम पुसायला मुलाला रुमाल द्या, हे तुमचं काम.

आता दुसरी शंका, जी मला स्टिकच्या बसण्याइतकीच दाट वाटते. तुम्ही लिहिलंय, दोन मिनिटं वाट पाहून बंद करतो. रायझन बनवणाऱ्या एएमडीच्या या पिढीच्या बोर्डावर डीडीआर५ पहिल्यांदा लावली, किंवा स्टिकची संख्या वा जागा बदलली, की बोर्ड आधी 'मेमरी ट्रेनिंग' करतं. प्रत्येक स्टिकशी कोणत्या वेळेला आणि किती व्होल्टेजवर नीट बोलता येतं हे ते तपासून जुळवून घेतं. या काळात स्क्रीन काळी राहते, पंखे फिरतात आणि तुमचा तो पिवळा दिवाही लागलेला असतो! कधी मशीन स्वतःहून एक-दोनदा बंद होऊन सुरू होतं. हे काही मिनिटं चालतं आणि ३२ जीबी असेल तर जास्त. तुम्ही दर वेळी अर्ध्यावर बंद केलं असेल तर दर वेळी ते पहिल्यापासून सुरू झालं असणार. एक स्टिक असताना काम लवकर आटपतं, म्हणून ती 'चालते' असं वाटलं असेल.

तेव्हा दोन्ही स्टिक नीट बसवल्यावर मशीन सुरू करा आणि पंधरा मिनिटं त्याकडे पाहू नका. चहा टाका, पोहे करा, यजमानांना वर्तमानपत्र वाचून दाखवा. बटणाला हात लावायचा नाही. पंधरा मिनिटांनीही दिवा तसाच असेल तर वीज काढून बोर्डाची जुनी सेटिंग पुसा. मॅन्युअलमध्ये 'क्लिअर सीमॉस' नावाच्या दोन पिना दाखवलेल्या असतात, त्यांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दहा सेकंद जोडायचं. पिना सापडत नसतील तर नाण्यासारखा सेल काही मिनिटं काढून ठेवा. छोट्या बोर्डांवर हा सेल कधी उभा, कधी वायरला लावून कडेला चिकटवलेला असतो. नंतर पुन्हा पंधरा मिनिटं.

तरी जमलं नाही तर अदलाबदल करून दोष शोधायचा. तुम्ही दुसरी स्टिक काढलीत, पण ती एकटी कधी लावून पाहिली नाही, आणि दुकानदाराला जाब देण्याआधी हीच चाचणी हवी. सध्या चालणाऱ्या स्टिकला पेन्सिलने क लिहा, दुसरीला ख. ज्या स्लॉटमध्ये क चालली, तिथेच आता ख एकटी लावा. ती चालली, तर ख धडधाकट आहे, विषय संपला. मग क घेऊन दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. तिथे क चालत नसेल आणि ख पण चालत नसेल, तर दोष स्टिकमध्ये नाही, त्या स्लॉटमध्ये किंवा त्याच्या पलीकडे आहे. आणि ख दोन्ही स्लॉटमध्ये मुकी राहिली, क मात्र दोन्हीकडे बोलली, तरच ख खराब. दर बदलानंतर तेवढीच वाट पाहायची, नाहीतर निकाल खोटा येईल. एकच स्टिक असताना ती कोणत्या स्लॉटमध्ये लावायची याचा तक्ता मॅन्युअलमध्ये असतो, तोही बघून ठेवा.

या चाचणीच्या वेळी भिंग किंवा फोनचा कॅमेरा घेऊन ख स्टिकच्या पट्ट्या बघा. तिरपी बसलेली स्टिक चालू केली गेली असेल तर शेजारच्या पट्ट्यांमध्ये शॉर्ट होऊन काळा डाग पडू शकतो. डाग असेल तर दुकानदार बरोबर, नसेल तर त्याचं म्हणणं अंदाजाचं. स्लॉटमध्येही डोकवा, कॅबिनेटच्या पॅकिंगमधला थर्माकोलचा कण किंवा प्लास्टिकचा तुकडा अडकलेला असतो कधी. हवेच्या ब्लोअरने उडवा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब जातात. आणि तो जगप्रसिद्ध खोडरबर मुळीच नको. जुन्या मशीनच्या काळवंडलेल्या रॅमला आपल्याकडचे मेकॅनिक खोडरबर घासतात, तिथे त्याचा उपयोगही होतो. नव्या स्टिकवर घासायला काही नसतं, उलट रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो. पट्ट्यांना बोटं लागली असतीलच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारं कापड.

समजा दुसरा स्लॉटच मुका निघाला. मग माझी नजर तुमच्या घराकडे नाही, दुकानाकडे वळते. रॅमचा प्रत्येक धागा शेवटी प्रोसेसरपर्यंत जातो, कारण रॅम सांभाळणारा भाग आता प्रोसेसरच्या आतच असतो. प्रोसेसर जिथे बसतो त्या एएम५ सॉकेटमध्ये १७१८ नाजूक पिना बोर्डाच्या बाजूला असतात. प्रोसेसर ठेवताना त्यातल्या दोन-चार जरी वाकल्या, तरी बाकी सगळं चालू राहतं आणि नेमका एक मेमरी चॅनल, म्हणजे रॅमकडे जाणारा एक रस्ता, मरतो. लक्षणं अगदी तुमच्यासारखी, एका स्टिकवर चालतं आणि दुसरीवर नाही. कूलरचे स्क्रू एका कोपऱ्यात जास्त आणि दुसऱ्यात कमी आवळले असतील तरीही असंच होऊ शकतं. प्रोसेसर आणि कूलर दुकानात बसवले होते, हे तुमच्या बिलावर लिहिलेलं आहे का पाहा. हा प्रश्न मग हात जोडून विचारायचा नसतो.

तुमच्या यजमानांचा मुद्दा राहिला, एका स्टिकवर चालतंय तर चालवा. टायपिंग, जीएसटीचं काम, व्हिडिओ पाहणं यासाठी १६ जीबी पुरे, यात वाद नाही. पण या प्रोसेसरला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, चित्र काढणारा भागही त्याच रॅममधून काम करतो. एक स्टिक म्हणजे ६४ बिटचा एकच रस्ता. उदाहरणार्थ ५२०० वेगाला त्यातून सेकंदाला जास्तीत जास्त ४१.६ जीबी जातात. दोन स्टिक दोन चॅनलवर लावल्या की ८३.२. मुलाला गेम खेळायचे असतील, आणि बारावी देऊन मोकळ्या झालेल्या मुलाला काय करायचं असतं ते आपण दोघीही जाणतो, तर हा फरक त्याला पहिल्या दिवशी दिसेल. पैसे दोन स्टिकचे दिले आहेत, एकीवर समाधान मानू नका.

मशीन सुरू झालं की लगेच मिरवू नका, दोन-तीन गोष्टी बाकी आहेत. बायोसच्या (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या) पहिल्या पानावर दोन्ही स्टिक आणि ड्युअल चॅनल दिसतंय का पाहा. वेग बहुधा ४८०० दिसेल, स्टिकवर ५६०० किंवा ६००० छापलेलं असलं तरी. कुणी फसवलं नाही. छापील वेगासाठी 'एक्सपो' नावाचं प्रोफाइल चालू करावं लागतं. पण ते आज नको. आधी मूळ वेगावर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर घालून रात्रभर चालू ठेवा. ३२ जीबीची एक पूर्ण फेरी व्हायला तास जातात. सकाळी चुकांचा आकडा शून्य हवा, एक-दोन चालतील असं नसतं. मग एक्सपो लावा (पुन्हा ट्रेनिंग, पुन्हा काळी स्क्रीन, घाबरू नका) आणि तीच चाचणी परत घ्या. विंडोजमध्ये ३२ ऐवजी थोडी कमी जीबी वापरायला उपलब्ध दिसली तर तो हिस्सा ग्राफिक्सने राखून ठेवलाय, हरवलेला नाही.

बायोस अपडेट करायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. चांगला सल्ला आहे, ८६००जी जानेवारी २०२४मध्ये आला आणि त्याआधी छापलेल्या बोर्डांना नवं बायोस लागतं. तुमचं मशीन क स्टिकवर चालतंय, तर त्या एकीवरच अपडेट उरकून घ्या. फक्त ज्या दिवशी पावसाळ्यापूर्वीच्या दुरुस्तीसाठी लाइट जाणार असल्याचा मेसेज आलाय, त्या दिवशी नको, आणि घरात यूपीएस असेल तर मशीन त्यावर ठेवा.

आणि दुकानात कोणत्या तोंडानं जायचं? आपल्याच. ख खराब ठरली असेल तर बिल, स्टिकवरच्या स्टिकरचा फोटो आणि 'ही दोन्ही स्लॉटमध्ये चालत नाही, ती दोन्हीत चालते' हे एक वाक्य घेऊन जा. रॅमला नावाजलेल्या कंपन्या बरीच वर्षं हमी देतात आणि ती कंपनीची असते, दुकानदाराच्या खिशातून जात नाही, त्यामुळे तो चाचणीचं ऐकल्यावर फोनवरचा सूर सोडेल. दोन स्टिकचा संच असेल तर दोन्ही घेऊन जा, कंपन्या बहुधा पूर्ण संचच बदलून देतात. आर. एन. टी. मार्गावरच्या कॉम्प्युटर बाजारात संध्याकाळी गर्दीत गेलात तर तुमच्याशी उभ्याउभ्या बोलणं होईल, दुपारी जा. मुलाला सोबत न्या आणि बोलू त्याला द्या.

स्लॉट मुका निघाला असेल तर प्रोसेसर घरी काढू नका. बोर्ड, प्रोसेसर, कूलर जसेच्या तसे दुकानात न्या आणि तुमच्यासमोर उघडायला सांगा, म्हणजे पिना वाकल्या असतील तर कुणाच्या हातून, हा वाद उरणार नाही. बोर्ड कंपनीकडे पाठवायची वेळ आली तर सॉकेटचं काळं प्लास्टिकचं झाकण लावूनच पाठवावा लागतो, त्याशिवाय बऱ्याचदा हमी नाकारतात. ते झाकण बोर्डाच्या खोक्यात पडलेलं असेल, रद्दीत जाण्याआधी शोधून ठेवा.